बारा तारखेला बदललेली ओळ

३ मार्च, सोमवार

ताई,

मायना काय लिहावा यात दोन दिवस गेले. ‘तीर्थरूप’ लिहिलं असतं तर तू हसली असतीस, ‘प्रिय’ लिहिलं असतं तर पत्र तिथेच मिटलं असतंस. म्हणून नुसतं ताई.

पत्ता आईने दिला. तुमचं दर आठवड्याला बोलणं होतं हे मला एकोणीस वर्षं माहीत आहे, पण तिने कधी इकडचं तिकडे केलं नाही. मी पत्ता मागितला तेव्हा चष्मा पुसत म्हणाली, "उशीर झालाय एवढंच सांगते. बाकी तुमचं तुम्ही."

तुला एकदम धक्का बसू नये म्हणून आधी कामाचं सांगते. मला बसू नये म्हणून, असं खरं तर लिहायला हवं.

मी आता एका छोट्या कंपनीत आहे. पंप, वजनकाटे, प्रयोगशाळेतली उपकरणं, अशा यंत्रांच्या आत बसणारा शेल आम्ही बनवतो. पडद्यावर चित्रंबित्रं काही नाही. कमांड टाइप करायची आणि उत्तर वाचायचं, तू मला शिकवलं होतंस तसंच. प्रत्येक कमांड पॉझिक्स या सगळ्यांसाठी ठरलेल्या मानकाप्रमाणे वागते की नाही हे तपासणं माझं काम. मानकातलं एकेक वाक्य घ्यायचं, त्यासाठी चाचणी चालवायची, पास की नापास ते लिहायचं. ओळखीपाळखीत कुणाला सांगितलं की लोक विषय बदलतात. मला मात्र या कामात देवळात गेल्यासारखं वाटतं. कुणीतरी, कधीही न भेटलेल्या माणसांनी, एवढ्या बारीकसारीक गोष्टींचा आधीच विचार करून ठेवलेला असतो.

मागच्या आठवड्यात युमास्कची पाळी आली. केवढीशी कमांड. नवी फाईल जन्माला येते तेव्हा ती कुणी वाचावी, कुणी बदलावी, हे ती ठरवते. देत ती काहीच नाही. मागितलेल्या परवानगीतून फक्त काढून घेते. मानकात तिला जेमतेम दोन-चार पानं आहेत, पण त्यात एक वाक्य असं आहे: या कमांडने आपली सध्याची स्थिती छापली, तर ती अशा रूपात छापावी की तेच छापलेलं पुन्हा तिला दिलं तर ती होती त्या स्थितीला परत आली पाहिजे. रूप कोणतं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण स्वतःचं बोलणं स्वतःला समजलं पाहिजे. हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले. माझं एकोणीस वर्षांपूर्वीचं बोलणं आज कुणी मला ऐकवलं तर मी कुठे पोचेन, असा विचार तेव्हा आला नाही. दोन दिवसांनी आला.

झालं असं. युमास्कला दोन तऱ्हांनी सांगता येतं, आकड्यांत किंवा अक्षरांत. आकड्यांच्या चाचण्या आमचा शेल पास झाला, अक्षरांच्या सगळ्या नापास. मी चाचण्या वाचल्या आणि जाहीर केलं की चाचण्याच चुकीच्या आहेत, आपला शेल बरोबर आहे. माझ्याबरोबर एक दाढीवाला मुलगा काम करतो. मुलगा म्हणजे पस्तिशीचा आहे, पण माझ्यापेक्षा लहान म्हणून मुलगा. तो म्हणाला, "मॅडम, जगातले झाडून सगळे शेल चुकले आणि आपला एकटा बरोबर, असं कळवू का ग्राहकाला?" मी म्हटलं कळव. तीन दिवस भांडले. तीन पानांचं टिपण लिहिलं. तू ओळखतेस मला, शंकाबाई हे नाव तूच ठेवलंस. फक्त माझी शंका नेहमी दुसऱ्याकडे तोंड करून उभी असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी टिपणाला जोडायचं म्हणून मानकातलं मूळ वाक्य उतरवून घ्यायला बसले. उतरवताना वाचावं लागतं. वाक्याचा अर्थ असा: अक्षरांत जी परवानगी लिहिली असेल, मास्क, म्हणजे काढून घ्यायच्या परवानग्यांची यादी, तिच्या उलट होतो. म्हणजे आकडा सांगतो काय काढून घ्यायचं, आणि अक्षरं सांगतात काय राहू द्यायचं.

चाचण्या बरोबर होत्या. आमचा शेल चूक होता. मीही. दाढीवाल्याला टिपण फाडायला सांगितलं. तो म्हणाला, राहू द्या, माझ्या लग्नात वाचून दाखवीन. मी हसले. आणि मग, साधारण एका मिनिटाने, मला तू आठवलीस.

ताई, एकोणीस वर्षांपूर्वी, आपण दोघी संस्थेत होतो तेव्हा, चौकशीपुढे मी जबाब दिला होता की माझ्या फायली मी स्वतः बंद केल्या होत्या, आणि त्या उघडून बाहेर नेऊ शकेल अशी व्यक्ती संस्थेत एकच आहे. त्या जबाबावरून तुझ्या सेवापुस्तकात ‘विश्वासभंग’ हा शब्द लिहिला गेला. तू नोकरी सोडलीस आणि घरही. तो जबाब खोटा होता की काय, असं मला आता वाटतं आहे. संस्था सोडताना माझ्या सगळ्या फायलींचा संग्रह मी तारखा आणि परवानग्यांसकट घेऊन आले होते. तो कपाटात आहे. अजून उघडलेला नाही. उघडायच्या आधी हे पत्र पेटीत टाकते आहे, कारण नंतर लिहिलं तर मी त्यातून काय गाळीन याचा मला भरवसा नाही.

शंकाबाई


६ मार्च, गुरुवार

ताई,

संग्रह उघडला. सगळं पायरीपायरीने लिहिते. तुलाच शिकवायला निघाल्यासारखं वाटेल, पण माझा माझ्या आठवणीवर विश्वास उरलेला नाही, म्हणून एकेक पायरी कागदावर हवी.

काचांची खोली. भिंतीभर कपाटं, कपाटांत ताऱ्यांचे फोटो असलेल्या हजारो काचा, आणि मधल्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले सर. आपला विभाग तिघांचा: सर, मशीनची व्यवस्था बघणारी तू, आणि प्रोबेशनवर, म्हणजे परीक्षेच्या मुदतीवर, लागलेली मी. सरांची मोजमापं चुकायला लागली होती. ते चहाला उठले की मी त्यांची काच पुन्हा मोजायची आणि आकडा हळूच दुरुस्त करायची. कुणाला सांगितलं नाही. डायरीला सांगितलं. डायरी मी ऑफिसच्या मशीनवर लिहीत होते, कारण घरी वही ठेवली तर आई वाचेल अशी भीती होती. (आईला आत्ता हे सांगितलं. म्हणाली, वाचली असती.)

मग ती सकाळ, दहा तारखेची. सूचनाफलकावर माझ्या डायरीचं एक पान छापून लावलेलं. सर फलकापुढे उभे होते. त्यांना ते वाचता येईना. शेजारी कुणीतरी उभं आहे एवढं त्यांना कळलं आणि त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. शेजारी मी होते. ‘सरांना आता काचेवरचा तारा आणि धुळीचा कण यांतला फरक दिसत नाही.’ हे माझं वाक्य मी त्यांना माझ्या आवाजात वाचून दाखवलं, शेवटपर्यंत. ते "बरं" म्हणाले आणि खोलीत गेले. हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. महिनाभरात त्यांनी निवृत्ती घेतली. सात वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा मी अंत्यदर्शनाला आले नाही, कारण तिथे तू असशील.

त्या सकाळी मला एकच प्रश्न पडला होता: कुणी उघडली. अकरा तारखेला मला ताप आला, बाराला मी घरीच होते. तेराला चौकशी समितीने मशीन तपासलं. माझ्या डायरीच्या सगळ्या फायली बंद, माझ्याशिवाय कुणालाही वाचता येणार नाहीत अशा. मशीनच्या नोंदवहीत मात्र दिसत होतं की बारा तारखेला तू व्यवस्थापकाच्या हक्काने माझ्या फोल्डरमध्ये शिरली होतीस; म्हणजे आधीही शिरली असशील, असं त्यांनी धरलं. त्यांनी तुला विचारलं, कशासाठी. तू म्हणालीस, "व्यवस्था माझी होती." पुढे एक अक्षर बोलली नाहीस. माझ्या लेखी तो कबुलीजबाब होता.

आता संग्रहात काय आहे ते. त्या सकाळच्या आठ महिने आधीची, डायरीतली नोंद: ‘आज फायलींना कुलूप लावलं. ओळ स्वतः शोधून लिहिली, ताईला विचारलं नाही. umask o=rwx. इतरांचं वाचणं, लिहिणं, चालवणं, तिन्ही बंद. विभाग उघडा ठेवला, सर मशीनकडे फिरकत नाहीत आणि ताईपासून लपवायचं काही नाही.’

ही ओळ मी सुरुवातीच्या फाईलमध्ये घातली होती, म्हणजे रोज मशीनवर गेल्या गेल्या ती आपोआप चालायची.

आई शेजारी बसून शर्टाला बटण लावत होती. म्हणाली, मला कळेल असं सांग. मी तिला समजावू लागले, तर तिनेच सोपं केलं: "म्हणजे गाळणी." हो, गाळणी. आकड्यांत सांगितलं तर बुजवायची भोकं सांगायची, अक्षरांत सांगितलं तर उघडी ठेवायची भोकं सांगायची. मी अक्षरांत लिहिलं आणि आकड्यांसारखं समजले. इतरांचं सगळं बंद कर म्हणून जी ओळ लिहिली, तिचा अर्थ होता इतरांना सगळं मोकळं ठेव.

आणि ताई, तू सगळ्यांना घालून दिलेला मास्क मुळातच कडक होता. विभाग बंद, इतर बंद. मी काहीही केलं नसतं तर डायरी सुरक्षित होती. मशीनने मला तसं छापूनही दाखवलं होतं: माझ्यापुढे तिन्ही अक्षरं, विभागापुढे काही नाही, इतरांपुढे काही नाही. मी ते उलटं वाचलं. माझ्या वाचनाप्रमाणे तर मी स्वतःलाच बाहेर कोंडलं होतं, आणि तरी रोज आत जाऊन लिहीत होते. याची शंका आली नाही. मला.

मग सुरुवातीची फाईल उघडली. तिथे ती ओळ नाही. तिथे आहे umask o= आणि पुढे काही नाही. म्हणजे इतरांना काहीही नको. बरोबर लिहिलेली ओळ. शेवटचा बदल बारा तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. मी तेव्हा तापात पडले होते.

डायरीच्या चाळीस फायली तू बंद केल्यास. एक राहिली. वेगळ्या फोल्डरमध्ये आईच्या औषधांची यादी होती, ती तुझ्या नजरेतून सुटली. तिच्यापुढे अजून तसंच आहे: rw----rw-. मला वाचता-लिहिता येतं, विभागाला काही नाही, आणि बाकी जगाला वाचताही येतं, बदलताही येतं. शहाण्या माणसाने असं कधी केलेलं नसतं. त्या एका ओळीशिवाय हा नमुना उमटूच शकत नाही.

आईने दोरा तोडला आणि म्हणाली, "घरच्यांना दार बंद आणि रस्त्यावरच्यांना उघडं. इतका उलटा तर तू लहानपणी स्वेटरही घातला नाहीस."

जिच्यासाठी मी दार उघडं ठेवलंय असं समजत होते, तिलाच ते बंद होतं. म्हणूनच आत यायला तुला व्यवस्थापकाचा हक्क वापरावा लागला, आणि त्याच नोंदीवरून तू दोषी ठरलीस.

आज एवढंच.


१४ मार्च, शुक्रवार

ताई,

उत्तर नाही. मी मागितलंही नव्हतं. तरी रोज दुपारी जिन्यातली पेटी बघते.

आठ दिवस मी एकाच गोष्टीकडे बघत बसले आहे, आणि जितकं बघावं तितकी ती मोठी होत जाते. बारा तारखेला तू माझ्या फोल्डरमध्ये आलीस, पाहिलंस की चूक माझी आहे, आणि ती दुरुस्त केलीस. ओळ पुसलीही नाहीस, शिक्षिकेने पाटीवरची बेरीज सुधारावी तशी सुधारलीस. तुला वाचवू शकेल असा एकच पुरावा होता, तो तू आपल्या हाताने मिटवलास. दुसऱ्या दिवशी समितीपुढे मी तुझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा तू एक वाक्य बोलली असतीस तर मी उघडी पडले असते. माझ्या मुदतीचे चार महिने राहिले होते. फायली उघड्या ठेवणाऱ्याला काढून टाकायचं असा नियमच होता, तोही तूच टंकून लावला होतास.

मानकात आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक प्रोग्राम आपला मास्क जन्मदात्याकडून घेऊन येतो. पुढे त्याने स्वतःचा बदलला तरी जन्मदात्याच्या मास्कला धक्का लागत नाही. जन्मलेल्या प्रोग्रामच्या आतून कमांड दिली तर ती बाहेर लागू होत नाही, याची उदाहरणंसुद्धा देऊन ठेवली आहेत. परवा त्याची चाचणी लिहिताना माझे हात थांबले. दाढीवाल्याने विचारलं, "मॅडम, पास झाली ना? मग रडताय कशाला?" मी म्हटलं, पास झाली म्हणूनच. त्याने पाण्याचा पेला आणून ठेवला आणि शहाण्यासारखा दुसऱ्या टेबलावर गेला.

मला तुझं आश्चर्य वाटतं, ताई. आश्चर्य हा शब्द फार लहान आहे. ज्या घरात मी वाढले त्याच घरात, त्याच ताटलीत जेवून, एवढं मोठं माणूस वाढलं आणि मी त्याला चोर म्हटलं.

संस्थेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा सोबत ठेवते. त्यात लिहिलं आहे की संपूर्ण चूक माझी होती, माझा जबाब खोटा होता, आणि माझ्या बहिणीने थोर मनाने त्याग करून मला वाचवलं. पुरावे जोडले आहेत. तुझी परवानगी मागावी की नाही यावर दोन रात्री घालवल्या. मागितली तर तुझ्यावर आणखी एक ओझं टाकल्यासारखं होईल, न मागावी तर तुझ्या नावाचा निकाल दुसऱ्यांदा माझ्या हातून लागेल. शेवटी मध्यम मार्ग काढला आहे, जो बहुधा चूक असेल: एकतीस तारखेपर्यंत थांबते. तोवर तू अडवलं नाहीस तर नेऊन देईन.


२७ मार्च, गुरुवार

ताई,

तुझं पत्र आलं. चौकटीच्या वहीचं पान, आता शाळेत मुलांना गणितं घालतेस तशा अक्षरात. पाकिटात माझा मसुदा, लाल शाईने तपासलेला. आईने पाकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "लाल शाई आहे म्हणजे काळजी नाही. रागावली असती तर कोरा परत आला असता."

तू काय काय खोडलं आहेस ते मी पुन्हा लिहिते, म्हणजे मला नीट समजलं की नाही ते कळेल. ‘थोर मनाने त्याग करून’ हे सगळं खोडलंस. ‘संपूर्ण चूक’ यातलं ‘संपूर्ण’ खोडलंस. आणि समासात लिहिलंस:

‘दर सोमवारी मी सगळ्यांच्या सुरुवातीच्या फायली तपासत होते. तुझी ओळ आठ महिने माझ्या डोळ्यांखालून गेली. मला ती बरोबर वाटत होती. तुझ्यासारखाच माझाही समज होता. मानकातलं ते पान मी पहिल्यांदा उघडलं ते बारा तारखेला, दुपारी तीनला.’

दोघी बहिणी, एकीने चूक लिहिली, दुसरीने ती दर सोमवारी वाचली, आणि दोघींनाही ती सारखीच बरोबर दिसली. आठ महिने. अठरा पावलांवर कपाटात मानक ठेवलेलं होतं.

पुढचं तुझं वाक्य मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण एकटीला ते पेलवेना. ‘फायली बंद केल्या तेव्हा माझ्या मनात तू नव्हतीस, मी होते. व्यवस्थापक असून मला हे माहीत नव्हतं याची लाज वाटली, म्हणून आधी हात चालला. दुसऱ्या दिवशी समितीपुढे तुझी नोकरी मनात होती, तेही खरं. लाज किती आणि तू किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. मी गप्प बसून खोटं बोलले. ते निवेदनात घाल.’

आई म्हणाली, "घाल मग."

आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: ‘चोर म्हणालीस त्याचा राग वेगळा आहे. तो आहे.’

ताई, मागच्या पत्रात मी तुला देव्हाऱ्यात बसवलं होतं. त्याआधी एकोणीस वर्षं चोर ठरवलं होतं. दोन्ही वेळा पुरावे माझ्याकडे होते, तारखा होत्या, आणि दोन्ही वेळा जिला विचारायचं तिला मी विचारलं नाही. चोर म्हणताना जो आवाज होता तोच थोर म्हणतानाही होता, हे मला तुझ्या लाल रेघेने दाखवलं. मला वाटलं होतं की तू देव्हाऱ्यातून खाली आलीस की आश्चर्य कमी होईल. तसं झालं नाही. आपली लाज इतक्या सरळ ओळीत लिहिणारं माणूस मी याआधी पाहिलेलं नाही. मी स्वतः वीस वर्षं डायरी लिहिते आहे आणि अशी एक ओळ मला जमलेली नाही.

एक विचारायचं आहे. सरांना काय सांगितलं होतंस? तू त्यांना भेटत राहिलीस हे आईच्या बोलण्यातून एकदा निसटलं होतं. सांगायचं नसेल तर नको सांगूस.

निवेदन नव्याने लिहिलं. दीड पान झालं. विशेषण एकही नाही.


६ एप्रिल, रविवार

ताई,

शुक्रवारी तुझ्याशी बोलणं झालं तरी हे पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी निम्मं विसरले.

सोमवारी, एकतीस तारखेला, संस्थेत गेले. फाटकावरचा रंग बदलला आहे. काचांच्या खोलीत आता कुणी मोजत बसत नाही, एक यंत्र एकेक काच आत ओढून घेतं आणि चित्र घेऊन बाहेर सोडतं. मी दारातून पाच मिनिटं पाहिलं. सरांनी ते यंत्र पाहिलं असतं तर त्यांनी पहिल्यांदा त्याचा डोळा कुठे आहे ते विचारलं असतं, असं वाटलं.

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंनी निवेदन उभ्या उभ्याच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. त्यांनी विचारलं, "दोघी आहात ना?" मला आधी कळलं नाही. त्या म्हणाल्या, अशी दुरुस्ती मागायला लोक येतात तेव्हा दोघांपैकी एक जण सहसा नसतो. मी म्हटलं, आहोत. त्या लगबगीने उठून तुझं सेवापुस्तक घेऊन आल्या. मी ते पहिल्यांदाच पाहिलं. निळं कव्हर, तुझा कॉलेजमधला फोटो, वेण्या पुढे घेतलेल्या. ‘विश्वासभंग’ अगदी छोट्या अक्षरात लिहिला आहे, ताई. इतकी वर्षं माझ्या मनात तो पानभर होता.

तीन दिवसांनी त्यांच्या वरिष्ठांचा होकार आला आणि मला पुन्हा बोलावलं. बाईंनी पट्टी लावून त्या शब्दावर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: ‘मास्कची मांडणी चुकीची, मांडणाऱ्या व तपासणाऱ्या दोघींची चूक, फायली बाहेर नेणारा अज्ञात.’ खाली दोन सह्यांच्या जागा. एकीवर मी सही केली. दुसरी सही समोर व्हावी लागते, टपालाने चालत नाही, आणि ती होईपर्यंत दुरुस्ती कच्चीच राहते. मी मुदत विचारली. बाई म्हणाल्या, मुदत काही नाही.

मग शुक्रवारी दुपारी ऑफिसात फोन वाजला, दाढीवाल्याने घेतला आणि हात फोनवर ठेवून म्हणाला, "मॅडम, तुमची बहीण. तुम्हाला बहीण आहे?"

मी हॅलो म्हणायच्या आत तू विचारलंस, "चाचणी पास झाली का?" मागून मुलांचा गलका येत होता. मी म्हटलं सगळ्या झाल्या, अक्षरांच्या एकूण एक. तू म्हणालीस, नुसतं अधिक-उणे दिलं तर काय होतं ते तपासलंस का. मी म्हटलं तपासलं. एकाच ओळीत तिघांना वेगवेगळं दिलं तर? तेही. आपण पंचवीस मिनिटं फक्त तेच बोललो. मला वाटतं दाढीवाल्याचा अजूनही विश्वास नाही की तो घरगुती फोन होता.

सरांचं तू मध्येच सांगितलंस, दुसरं काही सांगावं तसं. तू त्यांना सगळं सांगितलं होतंस, पहिल्याच महिन्यात. आणि ते म्हणाले होते की डायरीतलं वाक्य बरोबर आहे, फक्त लिहिणारीने त्यांच्या चुका वर्षभर गुपचूप सुधारल्या हेसुद्धा फलकावर लावणाऱ्याने छापायला हवं होतं. त्यांना माहीत होतं, ताई. ते चहाला उठत होते ते मला वेळ मिळावा म्हणून.

मग मी सहीचं सांगितलं. तू म्हणालीस, "सहीला यायचं म्हणजे तुमच्याकडे उतरावं लागेल."

"हो."

"राग अजून आहे."

"माहीत आहे."

"तू माहीत आहे म्हणालीस की तो वाढतो."

मी हसले. तू हसलीस की नाही ते गलक्यात कळलं नाही. मग शाळेची घंटा झाली आणि तू फोन ठेवलास. येते असंही म्हणाली नाहीस, येत नाही असंही.

आई म्हणते, खोली आवरून ठेव. मी म्हटलं, तिने हो म्हटल्याशिवाय नाही. आतापर्यंत तुझ्या वतीने मी फार काही ठरवून टाकलं आहे. या वेळी मी नुसतं विचारते आहे, आणि उत्तर येईल त्याप्रमाणे वागणार आहे.

ताई, कधी येतेस?